उपदेश, संवाद आणि साखर

मधुमेह असलेल्या माणसाशी कसं बोलावं, यावर दोन गट हिरिरीने भांडत आहेत. एक गट म्हणतो, डॉक्टर-नर्सना मोटिव्हेशनल इंटरव्ह्यूइंग (बदलाची कारणं रुग्णाच्याच तोंडून बाहेर यावीत अशी बोलण्याची रीत) शिकवा, रुग्ण आपोआप पथ्य पाळू लागतील आणि साखर आटोक्यात येईल. दुसरा गट संशोधनाचे आकडे पुढे करून म्हणतो, गोड बोलून साखर उतरत नाही. जे सांगायचं ते ठणकावून सांगा, औषध वाढवा आणि पुढच्या रुग्णाला आत घ्या. दोघेही एकच गोष्ट धरून चालले आहेत: ही पद्धत म्हणजे एक गोळी आहे, ती द्यायची आणि तीन महिन्यांनी एचबीएवनसी (मागच्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा अंदाज देणारा रक्ततपासणीचा आकडा) किती उतरला ते पाहायचं. माझ्या मते हा वाद इथेच फसतो. मोटिव्हेशनल इंटरव्ह्यूइंग, थोडक्यात एमआय, साखर उतरवत नाही. माणसाच्या मनात 'करायला हवं' आणि 'जमत नाही' यांची ओढाताण चालू असते, तिथे त्याला स्वतःचा निर्णय स्वतः घेता यावा, एवढंच तिचं काम. निर्णयानंतर लागणारं कौशल्य, साधनं आणि औषधातला बदल तयार नसेल तर ते काम वाया जातं. आणि निर्णयच झाला नसेल तर साखर मोजायचा ग्लुकोमीटर कपाटात पडून राहतो. म्हणून मधुमेहाच्या उपचारात एमआय हवीच. पण जिथे तिची जागा आहे तिथे, आणि ती खरोखर होते आहे की नाही हे कान देऊन तपासून.

वर्षाचे ८,७६० तास. वर्षात चार भेटी आणि प्रत्येक भेटीला पंधरा मिनिटं धरली तर रुग्ण डॉक्टरांसमोर एक तास बसतो. उरलेल्या ८,७५९ तासांत काय खायचं, किती चालायचं, सुई कुठे टोचायची, पायाला आलेला फोड आज दाखवायचा की पुढच्या आठवड्यात, हे सगळं तो एकटा ठरवतो. हे काम शिकवावं लागतं, याची जाण फार जुनी आहे. १९२२ च्या जानेवारीत टोरांटोमध्ये माणसाला पहिल्यांदा इन्सुलिन टोचलं गेलं, त्याच्याही आधीपासून बोस्टनचे एलियट जोसलिन रुग्णांना स्वतःचा आजार सांभाळायला शिकवत होते. पुढे १९९३ साली डीसीसीटी या अभ्यासाने टाइप १ (ज्यात शरीर इन्सुलिन जवळजवळ बनवतच नाही) मधुमेहाच्या १,४४१ रुग्णांत दाखवलं, की साखर काटेकोर ठेवली तर डोळे, मूत्रपिंड आणि नसा यांचं नुकसान मोठ्या प्रमाणात टळतं. १९९८ साली यूकेपीडीएस या ब्रिटनमधल्या अभ्यासाने जास्त आढळणाऱ्या टाइप २ मध्येही साखर आवरण्याचा फायदा सिद्ध केला. म्हणजे काय करायला हवं हे पाव शतकाहून अधिक काळ पक्कं ठाऊक आहे. तरीही जागतिक आरोग्य संघटनेच्या २००३ च्या अहवालात हेच आलं, की विकसित देशांतसुद्धा दीर्घ आजारांचे उपचार पाळण्याचं प्रमाण सरासरी निम्म्याच्या आसपास आहे. उरलेले काय अडाणी आहेत? आळशी आहेत? त्यांना कुणी सांगितलंच नाही? बहुतेकांना तर तेच ते इतक्या वेळा सांगून झालेलं असतं, की पुढचं वाक्य त्यांना पाठ असतं.

सांगून भागत नाही म्हटल्यावर भीती घातली जाते. पाय कापावा लागेल, डोळे जातील, डायलिसिसवर जाल. भीतीचं काय होतं ते १९६५ साली येल विद्यापीठात लेव्हेन्थाल आणि सहकाऱ्यांनी तपासून पाहिलं. विद्यार्थ्यांना धनुर्वाताची माहितीपत्रकं दिली, काहींना सौम्य, काहींना अंगावर काटा आणणारी. जास्त घाबरलेल्यांनी लस घेण्याचा इरादा जास्त जोरात बोलून दाखवला. प्रत्यक्षात नुसतं पत्रक वाचून लस घ्यायला गेले ते जेमतेम ३ टक्के. ज्यांना पत्रकासोबत दवाखान्याचा नकाशा दिला आणि आपल्या वेळापत्रकात कधी जाणार हे ठरवायला लावलं, त्यांतले २८ टक्के गेले. आणि त्यांच्यात भीती जास्त की कमी, याने फरक पडला नाही. मात्र धोका मुळीच न सांगता नुसता नकाशा दिला तर तोही कामाला आला नाही. धोका सांगायचाच असतो. तो चढवत नेण्याने काही मिळत नाही.

दारूच्या व्यसनाच्या उपचारात हाच धडा फार महागात शिकावा लागला. अमेरिकेतल्या अनेक केंद्रांत अशी समजूत रुजली होती की व्यसनी माणूस सत्य नाकारतो आणि तो नकार फोडून काढणं हाच उपचार. मानसशास्त्रज्ञ विल्यम मिलर यांनी १९८३ साली वेगळी रीत मांडली, तीच एमआय. पुढे स्टीफन रोलनिक यांच्यासोबत तिला आजचा आकार दिला. १९९३ साली मिलर आणि सहकाऱ्यांनी समुपदेशनाच्या भेटींचं मोजमाप प्रसिद्ध केलं. समुपदेशक जितका समोरच्याला खोडून काढत बोलला, तितकी वर्षभरानंतर त्या माणसाची दारू जास्त निघाली. ज्याला रुग्णाचा हट्टी स्वभाव समजलं जात होतं, त्यातला मोठा भाग समोर बसलेल्याच्या बोलण्यातून निपजत होता. मधुमेहाच्या दवाखान्यात 'हा ऐकतच नाही' असा शेरा मारताना हा इतिहास आठवायला नको का?

आता प्रत्यक्ष काय करायचं ते जवळून पाहू. एका बाईंना मेटफॉर्मिन दिवसातून दोनदा आहे, एचबीएवनसी ८.९. त्या म्हणतात, "सकाळची गोळी घेते मी. संध्याकाळची राहून जाते." नेहमीचं उत्तर ठरलेलं: "राहून कशी जाते? मोबाइलवर गजर लावा." त्यावर बाई म्हणणार, "लावला होता हो, पण त्या वेळी हातात काम असतं." डॉक्टरांनी बदलाची बाजू घेतली, म्हणून न बदलण्याची बाजू बाईंना घ्यावी लागली. माणूस स्वतःच्या तोंडाने जे बोलतो तेच त्याला जास्त पटत जातं, त्यामुळे या दोन वाक्यांच्या चकमकीत बाई आणखी पक्क्या होऊन घरी जातात. दुसरी रीत अशी: "सकाळची गोळी तुम्ही नेमाने बसवली आहे. संध्याकाळ मात्र तुमच्या हातात नसते." इथे प्रश्न विचारलेला नाही. ऐकलेलं परत मांडलं आहे (याला परावर्तन म्हणतात), आणि वाक्याच्या शेवटी आवाज खाली उतरला आहे. आवाज वर गेला तर हेच वाक्य उलटतपासणी वाटतं. यानंतर दोन-तीन सेकंद गप्प राहायचं. बाई म्हणतात, "हो ना. घरी आल्यावर नऊ वाजतात कामात. आणि सगळ्यांसमोर गोळ्या काढून बसलं की उगाच आजारी असल्यासारखं वाटतं." हे शेवटचं वाक्य गजराच्या सल्ल्यानंतर बाहेर आलंच नसतं. अडचण विसरण्याची नव्हती, चारचौघांत गोळी घेण्याची होती. आता पुढचं बोलता येतं: सावकाश विरघळणारी, दिवसातून एकदाच घ्यायची मेटफॉर्मिन मिळते, ती चालेल का, की गोळी घेण्याची जागा बदलायची? बोलण्याने गाठ सापडली. ती सोडवायला डॉक्टरांचं औषधज्ञान लागलं. दोन्हींपैकी एक वगळलं असतं तर एचबीएवनसी जागचा हलला नसता.

शून्य ते दहाची पट्टी हे एमआयमधलं सर्वांत सोपं साधन, आणि सर्वांत जास्त बिघडवलं जाणारंही तेच. "रोज चालणं तुम्हाला कितपत महत्त्वाचं वाटतं, शून्य ते दहात?" उत्तर येतं, पाच. नवखा माणूस लगेच विचारतो, "पाचच का? आठ का नाही?" आणि रुग्ण अडचणींची यादी वाचू लागतो. विचारायचं असतं ते उलट: "पाच म्हणालात, दोन का नाही म्हणालात?" आता रुग्णाला चालण्याच्या बाजूनेच बोलावं लागतं: दम कमी लागतो, रात्री झोप लागते, वडिलांचं झालं तसं व्हायला नको. हीच पट्टी दुसऱ्यांदा लावायची, जमेल याच्या खात्रीसाठी. पहिलं उत्तर तीन असेल तर अजून ओढाताणीवरच बोलायला हवं. पहिलं नऊ आणि दुसरं तीन असेल तर त्या माणसाला प्रेरणेची गरज नाही. त्याला कसं करायचं ते शिकवा, साधन द्या, सोबत द्या. नऊ वाल्याला पुन्हा पुन्हा 'का' विचारत बसणं म्हणजे पोहायला तयार असलेल्याला काठावर पाण्याचे फायदे सांगत बसण्यासारखं आहे. एमआयची भक्ती करणारे इथे हमखास चुकतात.

माहिती द्यायचीच नाही, असा एक गैरसमज पसरला आहे. माहिती द्यायची, पण आधी विचारून आणि नंतर पुन्हा विचारून. इन्सुलिनचं उदाहरण घ्या. यूकेपीडीएसमध्ये इन्सुलिनच्या गटात नाव निघालेल्यांपैकी २७ टक्के लोकांनी सुरुवातीला ते नाकारलं होतं, इतकी ही भीती खोल आहे. पहिलं पाऊल: "इन्सुलिनबद्दल तुम्ही काय ऐकलं आहे?" उत्तर बहुधा येतं, ते सुरू झालं म्हणजे आजार हाताबाहेर गेला, आणि चूक माझी. दुसरं पाऊल, परवानगी घेऊन दोन-तीनच वाक्यं: टाइप २ मध्ये इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींची ताकद वर्षांगणिक कमी होत जाते, यूकेपीडीएसमध्ये उपचार पाळणाऱ्यांची साखरही काळासोबत वर सरकली, तुमचं शरीर आता जे कमी बनवतं ते बाहेरून द्यायचं आहे. इथे थांबायचं. तिसरं पाऊल: "हे ऐकून काय वाटतं?" आपण सांगितलेल्या दहा गोष्टींपेक्षा या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर जास्त कामाचं असतं. ग्लुकोमीटरचाही असाच उपयोग होतो. एकाच जेवणाआधी आणि जेवणानंतर दोन तासांनी अशी जोडीने साखर मोजून पाहायला सांगायचं, तीन दिवस, त्याच जेवणाची. १२० वरून २३० झालेली पाहिल्यावर माणूस स्वतःच म्हणतो, ताटातलं अमुक कमी करून बघतो. हे वाक्य आहारतज्ज्ञाच्या तोंडून आलं असतं तर त्याला वजन नसतं.

आराखड्याकडे वळायची वेळही ओळखावी लागते. रुग्ण 'पण' कमी म्हणू लागतो, 'कसं करू' विचारू लागतो, तेव्हा त्याचंच बोलणं तीन-चार वाक्यांत गोळा करून परत द्यायचं आणि एकच विचारायचं: "मग आता काय करावं म्हणता?" आराखडा त्याच्या शब्दांत लिहायचा: काय, कधी, कुठे, आणि काय आडवं येईल. 'व्यायाम वाढवणार' हा आराखडा नाही. 'सोमवार, बुधवार, शुक्रवार कामावरून परतताना वीस मिनिटं, पाऊस असेल तर जिन्यात' हा आराखडा आहे. एक-दोन आठवड्यांत फोन गेला नाही तर तोही विरतो.

आता विरोधकांचा सर्वांत जड मुद्दा. पुरावा कुठे आहे? मुद्दा खोटा नाही. २००५ साली रुबाक आणि सहकाऱ्यांनी ७२ चाचण्या एकत्र करून पाहिल्या. वजन, कोलेस्टेरॉल, रक्तदाब यांवर एमआयचा परिणाम दिसला, एचबीएवनसीवर मात्र खात्रीने म्हणावा असा परिणाम दिसला नाही. डेन्मार्कमध्ये डॉक्टरांना एमआय शिकवून वर्षभरानंतर मोजलं, एचबीएवनसीत फरक नव्हता. लंडनमध्ये नर्सना एमआयसह सहा मानसशास्त्रीय कौशल्यं शिकवलेल्या डी-सिक्स या अभ्यासात अठरा महिन्यांनी तेच उत्तर आलं. 'पद्धत चांगली आहे, त्यांनी नीट केली नाही' असं म्हणून हे निकाल झटकून टाकणं सोपं आहे, आणि ते बरोबर नाही. कुठलीही फसलेली पद्धत हीच सबब देऊ शकते. म्हणून सबबीऐवजी कुठे फरक पडला आणि कुठे नाही ते शेजारी ठेवून पाहायला हवं.

२००७ साली वेस्ट आणि सहकाऱ्यांनी टाइप २ असलेल्या २१७ जादा वजनाच्या स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध केला. सगळ्यांनाच वजन उतरवण्याचा गटकार्यक्रम होता. निम्म्यांना त्यासोबत एमआयच्या पाच वैयक्तिक भेटी, उरलेल्यांना तितक्याच आरोग्यविषयक माहितीच्या भेटी. जास्तीचा वेळ दोघींनाही मिळाला, फरक फक्त बोलण्याच्या रीतीचा. एमआयच्या गटाचं वजन सहा महिन्यांनी आणि अठरा महिन्यांनीही जास्त उतरलेलं होतं. एचबीएवनसीतला फरक सहा महिन्यांना होता, अठराला उरला नाही. दुसरा अभ्यास ब्रिटनमधला, २००८ चा, इस्माइल आणि सहकाऱ्यांचा. टाइप १ चे ३४४ प्रौढ. एका गटाला प्रेरणा जागवणाऱ्या चार भेटी, दुसऱ्याला त्या चार आणि वर वागणुकीच्या अडचणी सोडवायला शिकवणाऱ्या आठ भेटी. वर्षभरानंतर नेहमीच्या उपचारांशी तुलना करता दुसऱ्या गटाचा एचबीएवनसी ०.४६ ने खाली होता. नुसत्या प्रेरणेच्या भेटींचा फरक ०.१९, म्हणजे योगायोगापलीकडे नेता येणार नाही इतका छोटा. दुसऱ्या गटाला भेटी जास्त मिळाल्या हे खरं, तरी दोन्ही अभ्यासांचा कल एकच दिसतो. इच्छेला जोडून कौशल्य दिलं तिथे काही हाती लागलं, एकट्या इच्छेवर सोडलं तिथे फारसं नाही, आणि पुढे पाठपुरावा करणारं कुणी राहिलं नाही तर मिळालेलंही ओसरलं. डेन्मार्कचे रुग्ण तर तपासणी मोहिमेत नव्याने सापडलेले होते. अशांची साखर पुष्कळदा फार चढलेली नसते, मग ती उतरणार तरी किती? या सगळ्यावरून एमआय निरुपयोगी ठरते की एकटीने पुरेशी नाही एवढं ठरतं? भूल दिल्याने कुणाचं अपेंडिक्स बरं झालं नाही, म्हणून भूल व्यर्थ असा निष्कर्ष कुणी काढत नाही.

दुसरा आक्षेप वेळेचा. बाहेर तीस माणसं बसलेली असताना हे ऐकत कोण बसणार? अडचण खरी आहे, पण तिचा आकार भीतीने फुगवलेला आहे. १९८४ साली बेकमन आणि फ्रँकेल यांनी मोजलं, तर डॉक्टर रुग्णाला सरासरी १८ सेकंदांत तोडत होते. १९९९ मध्ये मार्व्हल आणि सहकाऱ्यांनी पुन्हा मोजलं, तो आकडा २३ होता. ज्यांना पूर्ण बोलू दिलं त्यांनी सरासरी फक्त ६ सेकंद जास्त घेतले. २००२ साली स्वित्झर्लंडमधल्या एका बाह्यरुग्ण विभागात डॉक्टरांना मध्ये बोलू नका असं सांगून ठेवलं होतं. रुग्णांनी सरासरी ९२ सेकंद घेतले आणि ७८ टक्के दोन मिनिटांच्या आत स्वतःच थांबले. याची तुलना कशाशी करायची? दर तीन महिन्यांनी तेच दहा मिनिटांचं भाषण आणि तोच न बदललेला रिपोर्ट, त्या वाया गेलेल्या वेळेशी. शिवाय हे सगळं डॉक्टरांनीच करावं असं कुठे आहे? नर्स, आहारतज्ज्ञ, मधुमेह शिक्षक यांच्याकडे पंधरा मिनिटं जास्त शक्य असतात. डॉक्टरांनी एक परावर्तन, एक पट्टी आणि योग्य माणसाकडे पाठवणं एवढं केलं तरी पुरे.

तिसरा आक्षेप, हा लाड आहे. रुग्णालाच ठरवू दिलं तर तो सोपंच निवडेल. मधुमेहाच्याच इतिहासात याची परीक्षा झाली आहे. टाइप १ च्या रुग्णांना दशकानुदशकं ठरलेल्या वेळी ठरलेलं मोजून खायला लावलं जाई, कारण मोकळीक दिली तर अनर्थ होईल अशी धास्ती. जर्मनीतल्या ड्यूसेलडॉर्फमध्ये मिखाएल बर्गर यांच्या गटाने १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून उलट केलं: पाच दिवस शिकवायचं, ताटातल्या पिष्टमय पदार्थांचा अंदाज आणि त्यानुसार इन्सुलिनचा डोस ठरवण्याचं गणित रुग्णाच्या हाती द्यायचं. ब्रिटनमध्ये हाच अभ्यासक्रम डॅफ्ने या नावाने आला. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या चाचणीत १६९ प्रौढ होते. सहा महिन्यांनी शिकलेल्यांचा एचबीएवनसी ८.४ होता, शिकण्यासाठी अजून थांबवून ठेवलेल्या गटाचा ९.४. गंभीर हायपो (साखर धोकादायक खाली जाण्याचे प्रसंग) वाढले नाहीत आणि खाण्याच्या स्वातंत्र्याबद्दल लोक जास्त समाधानी होते. मोकळीक आणि कौशल्य बरोबर दिलं की अनर्थ होत नाही.

मात्र लाडाच्या आक्षेपात एक तथ्य आहे, आणि एमआयवाल्यांनी ते उघड मान्य करायला हवं. ओढाताण नाही तिथे या पद्धतीचं काम नाही. साखर ७० च्या खाली आहे, घाम फुटला आहे, हात थरथरत आहेत, तेव्हा "तुम्हाला काय करावंसं वाटतं?" विचारायचं नसतं, पटकन लागू होणारी १५ ग्रॅम साखर पोटात घालायची आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजायचं. शुद्ध हरपत असेल तर तोंडात काही घालायचं नाही, ग्लुकागॉन हे साखर चढवणारं औषध किंवा शिरेतून ग्लुकोज. उलट्या, धाप आणि तपासणीत किटोन (इन्सुलिन कमी पडल्यावर रक्तात साठणारी आम्लं) असतील तर थेट रुग्णालय. पायाला जखम असून पाऊल बधिर असेल तर आजच तपासणी. इथे स्पष्ट सांगणं हाच आदर आहे.

चौथा आक्षेप मला सर्वांत गंभीर वाटतो. ज्याला टेस्ट स्ट्रिप परवडत नाहीत, ज्याची कामाची पाळी रोज बदलते, जो महिनाअखेरीला इन्सुलिन पुरवून पुरवून वापरतो, त्याच्या 'आंतरिक प्रेरणे'वर काम करणं म्हणजे व्यवस्थेचं ओझं त्याच्या मनावर टाकणं नाही का? आहे. असा वापर झाला तर ती एमआयच नव्हे. पण डोस गाळण्यामागे पैसा आहे, हे दवाखान्याला कळतं कसं? 'औषध नियमित घेता ना?' या प्रश्नाला 'हो' हेच उत्तर असतं. "बऱ्याच जणांना महिनाअखेरीला औषध पुरत नाही, तुमचं कसं होतं?" असं विचारलं तर खरं बाहेर येतं. त्यानंतरचं काम स्वस्त पर्याय शोधण्याचं आणि धोरण बदलायला लावण्याचं. तिथे संवादाची मर्यादा संपते.

याच ओघात एक गोष्ट आग्रहाने सांगायची आहे. साखर चढलेली दिसली की वागणुकीवर संशय घेण्याआधी हात पुढे करावा. इन्सुलिन घेणाऱ्याच्या पोटाची आणि मांडीची कातडी बोटांनी चाचपून पाहा. एकाच जागी वर्षानुवर्षं टोचल्याने चरबीच्या गाठी येतात; त्या पुष्कळदा डोळ्यांना दिसत नाहीत, बोटांना लागतात. गाठीत टोचलेलं इन्सुलिन कधी रक्तात उतरतं, कधी नाही. जागा बदलायला सांगताना डोसही कमी करावा लागतो, कारण चांगल्या कातडीतून तेच इन्सुलिन जास्त लागू पडतं आणि हायपो होतो. इन्सुलिन उष्णतेत राहिलं होतं का? दुसऱ्या कुठल्या आजारासाठी स्टेरॉइड चालू आहे का? लोहाच्या कमतरतेने एचबीएवनसी खोटा वर दिसतो, रक्तपेशी लवकर फुटत असतील तर खोटा खाली. आणि रुग्ण सगळं पाळत असूनही आकडा वरच असेल तर पुढचा बदल डॉक्टरांच्या कागदावर व्हायचा असतो. अशा माणसाची प्रेरणा जागवत बसणं अन्याय आहे.

राहिला प्रश्न शिकवण्याचा, आणि सगळा घोळ इथेच होतो. दोन दिवसांची कार्यशाळा, प्रमाणपत्र, आणि संस्थेच्या भिंतीवर 'आम्ही एमआय करतो'. मिलर आणि माउंट यांनी २००१ साली हेच तपासलं. कार्यशाळेनंतर लोकांनी स्वतःला भरपूर गुण दिले. ध्वनिमुद्रणं ऐकली तर थोडा बदल दिसला, पण समोरच्या माणसाच्या बोलण्यात फरक पडण्याइतका नाही. २००४ मध्ये १४० व्यावसायिकांवर झालेल्या अभ्यासात, कार्यशाळेनंतर ज्यांच्या ध्वनिमुद्रणांवर अभिप्राय आणि मार्गदर्शन मिळत राहिलं, त्यांचं कसब टिकलं. मोजण्याची पट्टीही तयार आहे. संमती घेऊन मुद्रित केलेल्या भेटीतली वीस मिनिटं ऐकायची आणि मोजायचं: प्रश्न किती, परावर्तनं किती. एकास एक ही किमान पातळी, प्रश्नामागे दोन परावर्तनं ही चांगली. त्यांतली निम्मी तरी ऐकलेल्याच्या एक पाऊल पुढे जाणारी असावीत, नुसती पोपटपंची नको. नवशिक्याच्या ध्वनिमुद्रणात बहुधा प्रश्नांचा भडिमार आणि मध्येच सुटलेला सल्ला सापडतो, आणि ते ऐकल्याशिवाय त्याला स्वतःला पटत नाही.

म्हणून यापुढे कुठल्याही दवाखान्याने किंवा संशोधकाने एमआयचं यश-अपयश सांगताना एचबीएवनसीच्या शेजारी आणखी तीन रकाने भरावेत. भेटींच्या नमुन्यात परावर्तनं आणि प्रश्न यांचं प्रमाण काय होतं. निर्णय झाल्यावर रुग्णाला कौशल्याचं शिक्षण किती दिवसांत मिळालं. आणि सगळं पाळूनही आकडा वर राहिलेल्यांपैकी कितींचं औषध पुढच्याच भेटीत बदललं गेलं. पहिला रकाना रिकामा असेल तर तिथे एमआय झाली की नाही हे कुणालाच माहीत नाही. उरलेले दोन रिकामे असतील तर फसलं काय, ते दवाखान्यानेच शोधायचं आहे.